यथार्थ आणि अतिरंजित : सातारा-सांगली परिसरातील निसर्गछायाचित्रांचा साधन म्हणून विचार

इतिहासाचे साधन म्हणून छायाचित्राचा उपयोग करताना आपण सहसा एक गोष्ट गृहीत धरतो. बखरकार अतिशयोक्ती करील, पत्रलेखक पक्षपाती असेल, पण कॅमेरा समोर असेल तेवढेच टिपील, हे ते गृहीत होय. वि. का. राजवाडे यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध करताना बखरींच्या विश्वसनीयतेची कठोर चिकित्सा केली आणि तेव्हापासून बखरीचा आधार घेणारा अभ्यासक दोनदा विचार करू लागला. छायाचित्राच्या वाट्याला अशी चिकित्सा आपल्याकडे फारशी आलेली नाही. गेल्या पंधरा-वीस वर्षांत सह्याद्रीची असंख्य छायाचित्रे निर्माण झाली आणि उद्याचा अभ्यासक आपल्या काळाचा निसर्ग बव्हंशी त्यांच्यावरूनच जाणणार आहे. म्हणून ही चिकित्सा आताच सुरू करणे अगत्याचे आहे. प्रस्तुत लेखात ‘हाय डायनॅमिक रेंज’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संस्करणपद्धतीचा पूर्वेतिहास पाहून, सातारा व सांगली या दोन जिल्ह्यांतील निसर्गदृश्यांच्या संदर्भात यथार्थता आणि अतिरंजन यांची सीमा कोठे मानावी, याचा विचार करावयाचा आहे.

या दोन जिल्ह्यांची निवड केवळ सोयीसाठी नाही. १९४९ मध्ये ‘दक्षिण सातारा’ म्हणून वेगळा झालेला आणि १९६० मध्ये ‘सांगली’ हे नाव पावलेला जिल्हा आणि मूळ सातारा जिल्हा मिळून कृष्णेच्या वरच्या खोऱ्याचा एक सलग पट्टा तयार होतो. या पट्ट्याच्या पश्चिम टोकाला महाबळेश्वरी वर्षाकाठी ५००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, तर पूर्वेकडे आटपाडी-जतच्या माळावर तो सुमारे ५०० मिलिमीटरांवर येतो. पाऊस बदलतो तसा प्रकाशही बदलतो. धुक्यात विरघळलेला मऊ प्रकाश आणि दुष्काळी माळावरचा कठोर प्रकाश हे दोन्ही एकाच नदीच्या खोऱ्यात सापडत असल्यामुळे छायाचित्राच्या प्रश्नाची परीक्षा येथे चांगली होते.

१

प्रथम मूळ अडचण काय आहे ते पाहू. निसर्गात एकाच दृश्यातील सर्वांत तेजस्वी आणि सर्वांत काळोखा भाग यांच्या प्रकाशात हजारो पटींचा फरक असू शकतो. डोळा तो निभावून नेतो. कारण तो एकदम सगळे पाहत नाही. नजर आकाशाकडे वळली की बाहुली आकुंचित होते, सावलीकडे वळली की विस्फारते, आणि अशा अनेक दृष्टिक्षेपांतून मन एक अखंड चित्र रचते. कॅमेऱ्याला मात्र एका क्षणी एकच एक्स्पोजर देता येते. आकाशाला योग्य दिले तर जमीन काळी पडते आणि जमिनीला योग्य दिले तर आकाश पांढरे होऊन जाते. त्यातही अखेरचे चित्र ज्या कागदावर उमटावयाचे, त्याच्या शुभ्रतेचे व काळिम्याचे प्रमाण उत्तम प्रतीच्या चकचकीत कागदावरही सुमारे शंभरास एक इतकेच भरते. म्हणजे निसर्गातील हजारोंचे अंतर शंभरात बसवावयाचे आहे. हा संक्षेप टाळता येत नाही. कोणी तरी, कोठे तरी, कशाचा तरी त्याग करावाच लागतो. तेव्हा ‘संस्करण न केलेले छायाचित्र’ ही वस्तू मुळातच अस्तित्वात नाही, हे चर्चेच्या आरंभीच मान्य केले पाहिजे.

२

ही अडचण छायाचित्रणाइतकीच जुनी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास प्रचारात आलेली कलोडियनची ओली काच जवळजवळ केवळ निळ्या-जांभळ्या प्रकाशालाच संवेदनशील होती. परिणामी निळे आकाश काचेवर अतिप्रकाशित होऊन कोरे पांढरे उमटे आणि हिरवी झाडी वास्तवापेक्षा काळी दिसे. त्या काळातील डोंगराळ प्रदेशाच्या छायाचित्रांत वर दिसणारा पांढरा पडदा पाहून ‘त्या दिवशी आकाश निरभ्र होते’ असा निष्कर्ष कोणी काढील, तर तो फसेल. तो पांढरा पडदा हवामानाविषयी काहीच सांगत नाही. काचेच्या रसायनाविषयी सांगतो.

यावर फ्रान्समधील ग्युस्ताव्ह ल ग्रे यांनी १८५६-५७ च्या सुमारास काही समुद्रदृश्यांत तोड काढली. समुद्रासाठी एक आणि आकाशासाठी दुसरी निगेटिव्ह घेऊन दोन्हींचा मिळून एक ठसा त्यांनी उतरविला. आजच्या बहुएक्स्पोजर पद्धतीची ही पूर्वजा होय. पण तिचा दुसरा पैलूही लगेच प्रकट झाला. एकदा आकाश वेगळ्या काचेवर घेता येते म्हटल्यावर एकच देखणे आकाश अनेक भूदृश्यांवर चिकटविण्याची प्रथा पडली. दोष दुरुस्त करण्यासाठी काढलेली युक्ती शोभेसाठी वापरली जाऊ लागली. पुढील सर्व इतिहासात हीच घटना पुन्हा पुन्हा घडलेली दिसते, म्हणून ती येथे मुद्दाम नमूद केली आहे.

मुंबई इलाख्यातही हा प्रवाह लवकरच पोहोचला. मुंबईच्या फोटोग्राफिक सोसायटीची स्थापना १८५४ मध्ये झाली. भाऊ दाजी यांचे बंधू नारायण दाजी हे तिच्या आरंभीच्या एतद्देशीय छायाचित्रकारांपैकी होत. याच वर्तुळातील विल्यम जॉन्सन यांनी १८६३ ते १८६६ या काळात मुंबईतील जातिजमातींविषयीचा दोन खंडांचा सचित्र ग्रंथ प्रसिद्ध केला. मानववंशशास्त्राचे साधन म्हणून तो पुढे दीर्घकाळ पाहिला गेला. पण त्यातील कित्येक चित्रे जोडचित्रे आहेत. माणसांचे छायाचित्र एका निगेटिव्हवरून आणि त्यांच्यामागचे दृश्य दुसऱ्या निगेटिव्हवरून घेतलेले आहे. म्हणजे त्या माणसांचा वेश पुरावा म्हणून घेता येईल, पण ती माणसे त्या स्थळी उभी होती हा पुरावा घेता येणार नाही. एकाच चित्राचे दोन भाग दोन वेगळ्या प्रतींच्या विश्वासास पात्र आहेत, हा धडा आपल्याच इलाख्यातील सर्वांत आरंभीच्या एका महत्त्वाच्या ग्रंथाने घालून दिला आहे.

इंग्लंडमध्ये या प्रश्नावर उघड वाद झाला. हेन्री पीच रॉबिन्सन यांनी १८६९ च्या आपल्या ग्रंथात अनेक निगेटिव्हांची सांगड घालून चित्र रचण्याचा पुरस्कार केला, तर पी. एच. एमर्सन यांनी १८८९ मध्ये निसर्गनिष्ठ छायाचित्रणाचा पक्ष मांडला. विसाव्या शतकात अमेरिकेतील अॅन्सल अॅडम्स यांनी फ्रेड आर्चर यांच्यासह ‘झोन’ पद्धती सिद्ध केली आणि दृश्यातील प्रकाशाची प्रतवारी करून ती निगेटिव्हवर व ठशावर कशी बसवावी याचे शास्त्र बनविले. अॅडम्स हे यथार्थवादी पक्षाचे मानले जातात. तथापि १९४१ मध्ये हर्नांडेझ येथे घेतलेल्या त्यांच्या प्रसिद्ध चंद्रोदयाचे ठसे पाहिले, तर उत्तरकालीन ठशांत आकाश अधिकाधिक काळे होत गेलेले आढळते. निगेटिव्ह एकच, चित्रे मात्र वेगळी. त्यांनी स्वतः निगेटिव्हला संगीताच्या लिपीची आणि ठशाला तिच्या वादनाची उपमा दिली होती. ज्या मिरजेत अब्दुल करीम खाँ यांनी वास्तव्य केले, तेथील श्रोत्याला ही उपमा समजावून सांगावी लागणार नाही. बंदिश एक असली तरी प्रत्येक गायन वेगळे असते. पण बैठकीतील श्रोत्याला आपण गायन ऐकत आहोत हे ठाऊक असते, छायाचित्र पाहणाऱ्याला ते बहुधा ठाऊक नसते. भेद आहे तो इथेच.

३

या संदर्भात औंध संस्थानचे उदाहरण विचारात घेण्याजोगे आहे. औंध गाव सातारा जिल्ह्यात असले, तरी संस्थानची आटपाडी व कुंडल ही ठाणी आज सांगली जिल्ह्यात मोडतात. संस्थानिक भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी (१८६८-१९५१) हे स्वतः चित्रकार होते. त्यांनी चित्रकारांना बरोबर घेऊन अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करविल्या, १९३२ मध्ये अजिंठ्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला आणि १९३८ मध्ये औंधच्या टेकडीवर श्रीभवानी संग्रहालय उभे केले.

अजिंठ्याची प्रतिकृती करणाऱ्यापुढे जो प्रश्न उभा राहतो तो आपल्याच प्रश्नाचे दुसरे रूप आहे. भिंतीवरील रंगाचा पापुद्रा जेथे गळून पडला आहे, तेथे प्रतिकृतीत रिकामी जागा दाखवावी, की मूळ चित्र कसे असेल याची कल्पना करून ती भरावी? पहिली रीत आजच्या भिंतीशी इमान राखते, दुसरी मूळ कलावंताच्या हेतूशी. दोन्ही रीती प्रामाणिक असू शकतात. मात्र कोठे भरले आणि कोठे पाहिले हे सांगितले नाही, तर प्रतिकृती अभ्यासकाच्या दृष्टीने निरुपयोगी ठरते. छायाचित्राच्या संस्करणालाही नेमका हाच न्याय लागू करावा असे प्रस्तुत लेखकास वाटते.

४

संगणकाच्या युगात बहुएक्स्पोजर पद्धतीला शास्त्रीय पाया मिळाला. दुसऱ्या महायुद्धानंतर चार्ल्स वायकॉफ यांनी अणुस्फोटांच्या चित्रणासाठी निरनिराळ्या संवेदनशीलतेच्या थरांची फिल्म तयार केली होती. १९९५ मध्ये मान व पिकार्ड यांनी आणि १९९७ मध्ये डेबेव्हेक व मलिक यांनी एकाच दृश्याची कमी-अधिक एक्स्पोजरची अनेक चित्रे एकत्र करून त्यांवरून दृश्यातील मूळ प्रकाशमाने काढण्याची रीत दाखवून दिली. हा हेतू शुद्ध मोजमापाचा होता. परंतु अशी मोजलेली व्याप्ती पडद्यावर किंवा कागदावर दाखवावयाची म्हणजे पुन्हा संक्षेप आलाच. त्याला ‘टोन मॅपिंग’ म्हणतात. रेनहार्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये सुचविलेली रीत अॅडम्स यांच्या झोन पद्धतीवरूनच घेतलेली आहे.

संक्षेपाच्या दोन जाती आहेत. पहिलीत संपूर्ण चित्राला एकच नियम लागतो. त्यामुळे जे मुळात अधिक तेजस्वी होते ते चित्रातही अधिक तेजस्वीच राहते, अंतर तेवढे कमी होते. दुसरीत चित्राच्या प्रत्येक भागाचा त्याच्या शेजारच्या भागांशी तुलना करून स्वतंत्र निकाल लावला जातो. या स्थानिक रीतीने बारकावे उठून दिसतात, पण तिचा अतिरेक झाला की तेजाचा क्रमच बिघडतो. डोंगराची सावलीतली कडा आकाशाइतकी उजळ होते, ढगांच्या पोटात काजळी साठते, आणि डोंगर व आकाश यांच्या सीमेवर देवतेच्या मूर्तीमागे असावी तशी प्रभावळ उमटते. अशी प्रभावळ आढळली, तर तेथे स्थानिक संक्षेप जोराने वापरला गेल्याचा संशय घेण्यास पुरेसे कारण आहे. हस्तलिखितातील प्रक्षिप्त ओळ जशी भाषेवरून ओळखू येते, तशी ही खूण उपयोगी पडते.

२०१० पासून ही पद्धती खिशातील दूरध्वनीत शिरली. आज बहुतेक स्मार्टफोन एकच कळ दाबली असता एकापाठोपाठ अनेक चित्रे घेतात, ती जुळवितात आणि संक्षेप करून एकच चित्र पुढे ठेवतात. ‘मी काहीही केलेले नाही, आले तसे दिले आहे’ असे छायाचित्रकार प्रामाणिकपणे सांगतो, तेव्हा त्याचा अर्थ एवढाच की संस्करणाचे निर्णय त्याने नव्हे, तर यंत्र बनविणाऱ्याने घेतले आहेत.

५

आता प्रत्यक्ष स्थळांकडे वळू. साताऱ्याच्या पश्चिमेस सुमारे २५ किलोमीटरांवर, समुद्रसपाटीपासून सुमारे १२०० मीटर उंचीवर कासचे पठार आहे. जांभ्या दगडाच्या या सड्यावर मातीचा थर अतिशय पातळ असून पावसाळ्याच्या उत्तरार्धात तो निरनिराळ्या फुलांनी भरतो. पांढरे गेंद, निळसर-जांभळी सीतेची आसवे, गुलाबी तेरडा, पिवळी सोनकी यांचे बहर एकामागून एक व एकमेकांत मिसळून येतात. टोपली कारवी सात-सात वर्षांच्या अंतराने सामुदायिक बहरते. वायतुऱ्याच्या एका जातीला तर शास्त्रीय नावच साताऱ्यावरून मिळाले आहे. २०१२ मध्ये युनेस्कोने पश्चिम घाटातील ज्या ३९ स्थळांना जागतिक वारशाचा दर्जा दिला, त्यांत कास, कोयना आणि चांदोली यांचा समावेश आहे. त्यानंतर कासला येणाऱ्यांची गर्दी इतकी वाढली की प्रवेशशुल्क, आगाऊ नोंदणी व दैनंदिन संख्येवर मर्यादा या मार्गांनी तिचे नियमन करावे लागले.

कासच्या छायाचित्रांविषयी एक गोष्ट विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. बहराच्या दिवसांत तेथे बहुधा ढग उतरलेले असतात. धुके म्हणजे निसर्गाने स्वतः केलेला संक्षेपच होय; ते सावल्या उजळविते आणि तेज मंदावते. अशा प्रकाशात दृश्याची व्याप्ती एका एक्स्पोजरमध्ये सहज मावते. म्हणजे ज्या अडचणीवर उपाय म्हणून ही पद्धती जन्मास आली, ती अडचण तेथे बहुतेक वेळा नसतेच. तरीही कासच्या प्रचलित चित्रांत ती मुक्तहस्ताने वापरलेली दिसते. तेथे ती प्रकाशाचे अंतर कमी करीत नाही, उलट धुक्याने पुसलेले अंतर कृत्रिमपणे निर्माण करते. शिवाय सड्यावरचा वारा फुलांचे नाजूक देठ सतत हालवीत असतो. दोन एक्स्पोजरांच्या मध्ये फूल जागा सोडते. मग जोडचित्रात त्याच्या शेजारी त्याचेच भूत उमटते किंवा संगणक एका चित्रातील फूल ठेवून दुसऱ्यातील वगळतो. अशा चित्रावरून फुलांची दाटी मोजू पाहणारा वनस्पतिशास्त्रज्ञ आपल्या आकड्यांवर विश्वास ठेवू शकणार नाही.

अतिरंजन संस्करणातूनच येते असेही नाही. सीतेच्या आसवांचे फूल अगदी लहान असते. कॅमेरा जमिनीला टेकवून विस्तृत कोनाच्या भिंगातून पाहिले की मधली मोकळी जमीन लपते आणि विरळ ताटवा क्षितिजापर्यंत पसरलेला गालिचा भासतो. निळ्या-जांभळ्या फुलांचा रंग तर फिल्मवर काय किंवा सेन्सरवर काय, डोळ्याला दिसतो तसा क्वचितच उतरतो. गालिच्याच्या अपेक्षेने आलेला पाहुणा पायाशी विखुरलेली फुले पाहून निराश होतो आणि चित्रात पाहिलेली जागा शोधण्यासाठी आखलेली वाट सोडतो. जेथे मातीचा थरच पातळ आहे, तेथे पावलाची किंमत मोठी असते. कासपुरता हा प्रश्न केवळ अभिरुचीचा राहत नाही, तो याच कारणाने.

सांगलीची स्थिती याच्या नेमकी उलट आहे. कृष्णेच्या घाटावर सायंकाळी उभे राहून पश्चिमेकडे पाहिले, तर मावळत्या सूर्याने उजळलेले आकाश आणि काळोखात गेलेल्या घाटाच्या पायऱ्या यांतील अंतर एका एक्स्पोजरमध्ये मावत नाही. १९२९ मध्ये खुला झालेला आयर्विन पूल अशा वेळी एकेरी चित्रात केवळ काळी आकृती होऊन राहतो. त्याची कमान, दगडकाम आणि पाण्याची पातळी दर्शविणाऱ्या खुणा दिसेनाशा होतात. येथे बहुएक्स्पोजर पद्धती वापरणे हे यथार्थतेच्या बाजूचे पाऊल ठरते, कारण प्रत्यक्ष उभ्या असलेल्या माणसाला आकाशही दिसत असते आणि पायऱ्याही.

पण त्याच सांगलीत त्याच साधनाचा अपायही संभवतो. २०१९ च्या ऑगस्टमधील महापुरासारख्या प्रसंगी घेतलेली चित्रे पुढे पूरपातळी, पाण्याचा पसारा व गाळ यांचे पुरावे म्हणून पाहिली जातील. पावसाळ्यात कृष्णेचे पाणी गढूळ, तांबूस-मातकट असते आणि तो रंगच वरच्या खोऱ्यातून वाहून आलेल्या मातीची साक्ष देतो. ते पाणी चित्रात निळसर करणारा संस्कार दृश्य देखणे करील, परंतु साक्षीदाराचे तोंड बंद करील. भिंतीवरील ओलीची रेषा स्थानिक संक्षेपाने अधिक ठळक झाली, तर ती वाचणे सोपे होईल. मात्र प्रभावळीमुळे तेथे नसलेली दुसरी रेषाही दिसू लागेल.

६

तेव्हा सीमा कोठे मानावयाची? ती साधनात नाही, हे वरील दोन उदाहरणांवरून स्पष्ट व्हावे. एकच पद्धती आयर्विन पुलाजवळ सत्याला साहाय्य करते आणि कासच्या धुक्यात त्याला झाकते. ‘एक एक्स्पोजर म्हणजे खरे, अनेक म्हणजे खोटे’ हा निकष म्हणून टिकत नाही.

सीमा संस्करणाच्या प्रमाणात आहे, असेही म्हणता येत नाही. सांगलीतच १८४३ मध्ये विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणले. त्या परंपरेतील राक्षस तोंडाला भडक रंग फासून, ‘अलल डुर्र’ अशी आरोळी ठोकीत येत असे. यापेक्षा मोठे अतिरंजन कोणते? तरीही त्याने कोणाची फसवणूक झाली नाही, कारण पडदा, सूत्रधार आणि विदूषक यांनी प्रेक्षकाला आधीच सूचना दिलेली असे. अतिरंजित निसर्गचित्रही कला म्हणून तितकेच निर्दोष असू शकते. दोष येतो तो रंगभूमीवरचा राक्षस साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा करण्यात.

यावरून अभ्यासकासाठी तीन कसोट्या सुचवाव्याशा वाटतात. पहिली क्रमाची : दृश्यात जे अधिक उजळ होते ते चित्रातही अधिक उजळ आहे काय? अंतर कमी करणे अपरिहार्य आहे, क्रम उलटा करणे अपरिहार्य नाही. दुसरी गरजेची : त्या दिवसाच्या प्रकाशाला या संस्करणाची आवश्यकता होती काय? धुक्यातील चित्रात काळ्याभोर सावल्या आढळल्या, तर शंका घेतली पाहिजे. तिसरी नोंदीची : मूळ चित्रे, दिनांक, वेळ, स्थळ आणि केलेले संस्कार यांची माहिती उपलब्ध आहे काय? कासच्या बहराचा रंग पंधरवड्यात पालटतो. तेथे दिनांकाविना चित्र म्हणजे तिथी-मिती नसलेले पत्र होय.

या तिसऱ्या कसोटीविषयी आपल्या विद्यापीठांना व संग्रहालयांना प्रत्यक्ष काही करता येण्यासारखे आहे. बहुतेक चांगले कॅमेरे सेन्सरवरील मूळ नोंद १२ किंवा १४ बिटांत, म्हणजे प्रत्येक बिंदूस ४०९६ किंवा १६३८४ पायऱ्यांत, ठेवू शकतात. प्रसारासाठी वापरल्या जाणाऱ्या नेहमीच्या चित्रात प्रत्येक रंगाच्या केवळ २५६ पायऱ्या उरतात. ही मूळ नोंद म्हणजे अस्सल कागद आणि संस्कारित चित्र म्हणजे त्याची नक्कल होय. आपण केवळ नकला जमवीत आहोत. सातारा व सांगली परिसरातील निसर्गाचे चित्रण जेथे जेथे संग्रहित होत असेल, तेथे मूळ नोंद आणि संस्कारित चित्र ही दोन्ही शेजारी ठेवण्याचा प्रघात पडला, तर छायाचित्रकाराच्या स्वातंत्र्यास बाध न येता उद्याच्या अभ्यासकाचे काम होईल.

हे काम लांबणीवर टाकण्याजोगे नाही. जांभ्याच्या सड्यावरील फुलांची दाटी, कृष्णेच्या पाण्याचा रंग, चांदोलीच्या रानाची घनता यांत होणारे बदल सावकाश होतात आणि ते जुन्या-नव्या चित्रांच्या तुलनेनेच कळतात. त्या तुलनेत पन्नास वर्षांनी जो फरक दिसेल, तो निसर्गातील होता की संस्करणातील, हे सांगता येण्यासाठी मूळ नोंद आजच राखून ठेवावी लागेल.